आप्पांची सायकल

सगळ्यात आधी माफी मागते. पहिलीपासून दहावीपर्यंत मी धुळ्याच्या एका कॉन्व्हेंट शाळेत शिकले. तिथे मराठी हा फक्त एक विषय होता, त्या तासाबाहेर मराठी बोलणं म्हणजे गुन्हा. घरी आजी अहिराणी बोलते, मम्मी-पप्पा अर्धी अहिराणी आणि अर्धी मराठी. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घांची जबाबदारी संपादक मंडळाची! "मग तू इंग्लिश सेक्शनला का नाही देत?" असं रूममेटने विचारलं. देऊन बघणार होते. अर्धं पान लिहिलंही. पण 'वावर गहाण' हे शब्द आले आणि माझी इंग्लिशची गाडी जी अडली ती अडलीच. म्हणून मराठीत.

विषय तुमच्या ओळखीचा आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या लेडीज हॉस्टेलच्या शेडमध्ये एक निळी सायकल उभी असते. अठ्ठावीस इंची चाकांची, मधे आडवी दांडी असलेली, रॉडच्या ब्रेकची. गेटवरचे काका तिला 'दूधवाल्याची गाडी' म्हणतात. सगळी सायकल निळी, पण चेनकव्हर मात्र काळं आणि त्यावर पिवळ्या रंगात कोणाचं तरी नाव. "हे काय, दुकानाचं नाव आहे का?" "सेकंड हँड घेतलीस का गं?" "एवढा रंग मारलास तर तेवढंच का सोडलंस?" असं मला आतापर्यंत निदान वीस जणींनी आणि दोन सरांनी विचारलंय. मी प्रत्येक वेळी म्हणते, "घरची आहे, जुनी." ते खरं आहे, पण अर्धं.

तर झालं असं.

ही माझ्या आजोबांची, आप्पांची सायकल. आप्पा धुळ्यात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा केसांत, मिशीत, सायकलच्या तारांत कापसाची रुई अडकलेली असायची. मला त्यांनी याच सायकलवर, दांडीखालून पाय घालून, कैची सायकल शिकवली. तीन वर्षांपूर्वी आप्पा गेले आणि सायकल जिन्याखाली गेली. तिच्यावर आधी जुन्या गाद्या आल्या, मग कूलर आला.

इकडे जळगावला हॉस्टेल ते कॉलेज आणि कॉलेज ते झेरॉक्सचं दुकान अशी पायपीट करून मी कंटाळले होते. नवीन गिअरची सायकल घ्यायची तर पैसे नव्हते. माझ्या फीसाठी पप्पांनी आधीच बँकेचं कर्ज काढलंय. म्हटलं, आप्पांची सायकल आहे की! तिला मस्तपैकी स्प्रे पेंट मारू. मेकॅनिकलच्या सेकंड इयरला मटेरियल सायन्स शिकलेय, गंज कसा चढतो ते समीकरणासकट लिहिता येतं, मग एक फ्रेम रंगवायला कितीसा वेळ लागणार?

हा अहंकार मे महिन्यातला. परीक्षा संपवून घरी गेले, ऑटो पेंटच्या दुकानातून स्प्रेचा डबा आणला आणि दुपारी बारा वाजता गच्चीवर गेले. धुळ्यात त्या दिवशी ४४ डिग्री होते. सराव म्हणून आधी नुसतं कॅरियर रंगवायला घेतलं. रंग मारला, वाळला, हात फिरवला, तर काय? काचपेपर! रंग गुळगुळीत बसण्याऐवजी रव्यासारखा खरखरीत बसला होता. कारण नंतर कळलं. स्प्रेच्या डब्यातून रंगाचे बारीक थेंब उडतात, त्यांच्यात सॉल्व्हंट असतं. थेंब लोखंडावर ओला पोचला तर तो पसरतो आणि शेजारच्या थेंबात मिसळतो. आमच्या खानदेशी उन्हात सॉल्व्हंट हवेतच उडून जातं आणि लोखंडावर पोचते ती रंगाची कोरडी भुकटी. शिवाय डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की ५० डिग्रीच्या वर तापू देऊ नका, आणि मी डबा तापलेल्या गच्चीच्या कठड्यावर ठेवला होता! तो फुटला असता तर हा लेख लिहायला मी राहिले नसते. पप्पांनी डबा सावलीत नेऊन ठेवला आणि म्हणाले, "दिवाळीत बघू."

पावसाळ्यातही जमत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. दमट हवेत रंग पांढुरका पडतो. म्हणजे आमच्याकडे रंगाला हंगाम एकच, दिवाळीनंतरचा. ना ऊन, ना पाऊस, ना फार वारा.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र मी नीट तयारीने उतरले. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या चाचांकडे सायकल नेली. पायडलच्या कॉटर पिना गंजून अशा बसल्या होत्या की दोन दिवस रॉकेल पाजावं लागलं, मग चाचांनी लाकडाचा ठोकळा लावून हातोड्याने एक एक काढली. चिमटा, हँडल, मडगार्ड, चेनकव्हर, सगळं सुटं केलं. छर्रे आजीच्या जुन्या कपबशीत ठेवले. मी रंगाचे डबे दाखवले तेव्हा चाचा माझ्याकडे बघून हसले. "बेटा, रंग बाद में. पहले पेपर. चार दिन पेपर, एक दिन रंग."

ते अक्षरशः खरं ठरलं. आधी १२० नंबरचा पेपर, मग २२०, मग ४०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून. दोन्ही हातांची बोटं सोलली. पण एक गंमत दिसू लागली. घासता घासता सायकलचं वय कळायला लागलं, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखं. सगळ्यात वर हिरवा रंग. तो पप्पांनी १९९८ साली कॉलेजला जाताना मारलेला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्याखाली करडा. त्याच्याखाली कंपनीचा मूळ काळा, काचेसारखा चकचकीत, भट्टीत भाजलेला. पुढच्या नळीवर ॲटलासचा पत्र्याचा बिल्ला होता, तो मी जपून काढून ठेवला. हरियाणातल्या सोनीपतला १९५१ साली सुरू झालेली ती कंपनी, तिचा शेवटचा मोठा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. आता तसा बिल्ला कुठून मिळणार?

चौथ्या दिवशी चेनकव्हर घेतलं. इथे पेपर मारायची गरजच पडली नाही. हिरव्याखालचा करडा रंग नखाने सोलल्यासारखा निघत होता, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा. चाचांना दाखवलं तर ते लगेच म्हणाले, "इसने पेपर नहीं मारा था. सीधा चमक के ऊपर रंग मार दिया." गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाला धरायला काही मिळत नाही. म्हणून आधी ओरखडे काढायचे असतात. ओरखडे न काढता नुसतं झाकलं तर ते टिकत नाही, वर्षं गेली तरी टिकत नाही.

मी घरी येऊन अंगणात बसले आणि नखाने करडा रंग सोलत राहिले. खालून काळा येत होता. आणि मग काळ्यावर एक पिवळा ठिपका आला. मग एक रेघ. मग वेलांटी. मी ओलं फडकं घेऊन हळूहळू पुसत गेले. अर्ध्या तासात अख्खं चेनकव्हर उघडं झालं. एखाद्या पेंटरने मनापासून काढलेली वळणदार अक्षरं, प्रत्येक अक्षराला लाल सावली. वरच्या ओळीत एक पूर्ण नाव, पुढे 'यांजकडून'. खालच्या ओळीत आप्पांचं नाव, मागे 'चि.' लावून. आणि शेवटी 'लग्नात सप्रेम भेट, मे १९७४'.

वरचं नाव मला माहीत नव्हतं. मी हाक मारली, "आजी, हे कोण गं?"

आजी तांदूळ निवडत होती. "काय करी ऱ्हायनी वं?" म्हणत उठून आली. आजी चौथी शिकलेली आहे. ती अजूनही बोट ठेवून वाचते. तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि हळूहळू सरकवत नेलं. ओळीच्या शेवटी बोट थांबलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मन्हा बापनं नाव शे ते."

मित्रांनो, मला माझ्या पणजोबांचं नाव माहीत नव्हतं! खापरपणजोबांपर्यंतची आप्पांच्या घराण्याची नावं मला पाठ आहेत. पण आजीच्या वडलांचं नाव मी वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ते मला चेनकव्हरवर वाचायला मिळालं.

मग आजीने सांगितलं ते मी माझ्या मराठीत लिहिते. आजीचं माहेर पारोळ्याकडचं. कोरडवाहू वावर. १९७२ चा दुष्काळ नुकताच सरलेला, त्यात घरातले दोन बैल गेलेले. आजी सतरा वर्षांची, म्हणजे माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. धुळ्याचं स्थळ आलं, मुलगा जिनिंगमध्ये नोकरीला. बोलणी झाली, त्यात मनगटी घड्याळ आणि सायकल ठरली. लग्नाच्या दिवशी घड्याळ होतं, सायकल नव्हती. वरात वेशीपाशी थांबली. नवरदेव पुढे येईना. आजी हळद लावून आत बसलेली, तिला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. तिच्या वडलांनी दोन बिघे वावर त्याच दुपारी एका सावकाराकडे गहाण ठेवलं आणि पारोळ्याहून सायकल आणली. सूर्य मावळताना लग्न लागलं. नाव मात्र त्यांनी नंतर, स्वतःच्या हौसेने, पेंटरकडून काढून घेतलं. द्यायचंच आहे तर नीट देऊ, म्हणाले असतील.

"आणि ते वावर?" मी विचारलं.

"एक बिघा सुटनं," आजी म्हणाली. एक सुटलं. दुसरं नाही.

मी तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी मला आप्पांचा इतका राग आला की सायकल तशीच भंगारात टाकावीशी वाटली. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. सायकल १९७४ ची. मला दांडीखालून पाय घालून शिकवणारे, मी पडले की आधी सायकलला चापट मारणारे माझे आप्पा वेशीवर थांबले होते? कशासाठी, तर या लोखंडासाठी, ज्याला मी चार दिवस बोटं सोलून घासत होते!

"मग नाव कोणी पुसलं?" मला वाटलं, उत्तर आणखी वाईट असणार.

आजीने जे सांगितलं ते असं. १९९७ साली माझ्या आत्याचं लग्न ठरत होतं. पाहुणे बैठकीला आले, सगळं पसंत पडलं आणि उठता उठता त्यांनी स्कूटर मागितली. आप्पा 'बघतो' म्हणाले. पाहुणे गेल्यावर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना रंगाची एक डबी आणि ब्रश घेऊन आले आणि अंगणात बसून सगळ्यात आधी चेनकव्हरवर करडा रंग फासला. मग उरलेल्या रंगात बाकीची सायकल. कोणाशी काही बोलले नाहीत.

"का मारला रंग?"

"मी कधी इचारं नही," आजी म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला गेली.

स्कूटर दिली का, हे मी पप्पांना रात्री विचारलं. दिली, म्हणाले. हप्त्यांवर. हप्ते कोणी फेडले तेही सांगितलं. अर्धे आप्पांनी, अर्धे पप्पांनी, कॉलेज सोडून नोकरी धरल्यावर. पप्पांचं कॉलेज का सुटलं हे मला तोवर 'परिस्थिती' एवढंच माहीत होतं.

मी रात्रभर विचार करत होते. आप्पांनी लाजेने रंग मारला, की रागाने, की आपल्या सासऱ्याचं नाव डोळ्यांसमोर नको म्हणून? तिन्ही असू शकतं. त्यांना विचारायची सोय नाही. एवढं मात्र समजलं की आता डबा माझ्या हातात होता. मी निळा रंग मारला असता तर ते नाव आणखी पन्नास वर्षं गेलं असतं, आणि या वेळी मी पेपर मारला होता, म्हणजे रंग पक्का बसला असता.

सकाळी आजीला विचारलं, "आजी, चेनकव्हरचं काय करू?"

ती म्हणाली, "ते नाव ऱ्हाऊ दे."

बस. एवढंच. मग मी फ्रेमकडे वळले.

आता थोडं इंजिनीअरिंग, नाहीतर आमचे एच.ओ.डी. विचारतील की यात टेक्निकल काय! स्प्रे पेंटचा डबा १९४९ साली अमेरिकेतल्या एडवर्ड सीमोर या रंगवाल्याने आणला. रेडिएटरला द्यायचा ॲल्युमिनियमचा रंग गिऱ्हाइकांना दाखवायला त्याला सोपी युक्ती हवी होती आणि डब्यात भरून फवारायची कल्पना त्याच्या बायकोने सुचवली. (नाव मात्र सगळीकडे नवऱ्याचं येतं. असो.) डब्यात रंगाबरोबर दाबाखाली द्रवरूप झालेला वायू असतो. पूर्वी तो सी.एफ.सी. असायचा, १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू ते बंद होऊन ब्युटेन-प्रोपेनसारखे वायू आले, म्हणजे जवळपास आपला स्वयंपाकाचा गॅस. म्हणून जवळ काडी ओढायची नाही. थोडा वेळ फवारलं की डबा हाताला गार लागतो. आत द्रवाचा वायू होताना लागणारी उष्णता तो डब्यातूनच घेतो. लेटंट हीट! थर्मोच्या पेपरात दोन वर्षांत जे डोक्यात शिरलं नाही ते तळहाताने दोन मिनिटांत शिकवलं. हलवताना डब्यात जो खडखडाट होतो तो आतल्या छर्ऱ्याचा. तळाशी बसलेला रंग ढवळायला तो टाकलेला असतो, आणि दोन मिनिटं नीट हलवावं लागतं.

गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या तारेला फ्रेम टांगली. खाली पाणी शिंपडलं, म्हणजे धूळ उडत नाही. नाकाला मास्क, हातात मोजे. सकाळचे नऊ. हवा गार होती म्हणून डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवला (कोमट हं, गॅसवर नाही). अंतर एक वीत. त्याहून जवळ गेलं की ओघळतं, लांब गेलं की मे महिन्यासारखा रवा पडतो. फवारा फ्रेमच्या बाहेर सुरू करायचा, एका चालीत फ्रेमवरून न्यायचा आणि बाहेरच बंद करायचा. मधे थांबलात की मेलात. आधी प्राइमरचे दोन हात. मग निळ्याचे तीन, पातळ, प्रत्येक हातामध्ये दहा-पंधरा मिनिटं.

दुसऱ्या हाताला मला घाई झाली. मागच्या नळीवर रंग जाड पडला आणि माझ्या डोळ्यांदेखत एक ओघळ सुटला. आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला एशियन पेंट्सचा गट्टू आठवतो? त्याच्या ब्रशमधून ठिबकणारा रंग किती गोड दिसतो! फ्रेमवर तो नाकातल्या शेंबडासारखा दिसतो. पुसायला गेलात तर आणखी वाट लागते. वाळेपर्यंत थांबायचं, ४०० नंबरने घासायचं, पुन्हा एक पातळ हात द्यायचा. मी तसंच केलं. तरी शेडमध्ये जाऊन मागच्या नळीवरून बोट फिरवाल तर ओघळ अजून लागेल. आमच्या पाण्याच्या टाकीवरही एक निळा ढग कायमचा बसला आहे.

फ्रेम झाली. आता चेनकव्हर. नाव उघडं ठेवायचं तर त्याला पाऊस-धुळीपासून जपायला हवं, म्हणून वरून पारदर्शक लॅकर मारायचं ठरवलं. इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली. कोपऱ्यात छोटी चाचणी करून बघायला हवी होती. नाही केली. एका टोकापासून, एक वीत अंतर ठेवून, सरळ ओला हात मारला. पंधरा सेकंदांनी पहिली अक्षरं, म्हणजे शेवटच्या ओळीचं शेवट, सुरकुतायला लागली. लॅकरमधल्या जहाल सॉल्व्हंटने जुना ऑइल पेंट खालून फुगवला होता. माझ्या डोळ्यांसमोर '१९७४' चे चारही आकडे दुधावरच्या सायीसारखे गोळा झाले.

मी फवारा थांबवला. हात थरथरत होते. जे तेवीस वर्षं उघडं होतं, करड्या रंगाखाली आणखी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं टिकलं, ते मी पंधरा सेकंदांत घालवलं होतं. डिग्रीचं शिक्षण घेऊन! चेनकव्हर हातात घेऊन खाली आले आणि आजीसमोर उभी राहिले. रडू येत होतं पण वय आडवं येत होतं.

आजीने चष्मा लावला. सुरकुतलेल्या जागी बोट नेलं, टेकवलं नाही. मग वरच्या ओळीवर नेलं आणि पुन्हा एकदा आपल्या वडलांचं नाव सबंध वाचलं. सगळं होतं.

"साल माले याद शे," ती म्हणाली.

उरलेल्या भागाला मी लॅकर लावलंच नाही. फक्त कडा फडक्याने पुसून, अगदी पातळ मेण हाताने चोळलं. ते दर महिन्याला चोळावं लागतं. चोळते.

चाचांकडे सगळं जोडलं. नवीन ग्रीस, नवीन कॉटर पिना, चार छर्रे बदलले. बिल्ला परत त्याच्या जागी. सायकल घरी आणली तेव्हा संध्याकाळ झाली होती. आजी ओट्यावर बसली होती. या सायकलवर ती उभ्या आयुष्यात दोनदाच बसली आहे: एकदा नवी नवरी असताना एकवीरादेवीच्या यात्रेला, आणि एकदा पप्पांच्या वेळी कळा येत असताना दवाखान्यात जायला. मी म्हटलं, "आजी, बस मागे, गल्लीत एक चक्कर मारू." तिने हात झटकला. "माले नको. तू जा." आणि मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले तोवर ती उभी राहून बघत होती. परत आले तेव्हा म्हणाली, "रंग चांगला बसना." एवढंच सर्टिफिकेट मिळालं, पण आजीकडून तेवढंही सहसा मिळत नाही.

पप्पांच्या ओळखीचा एक टेम्पो जळगावला येत होता, त्यात सायकल टाकली आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. धुळ्याहून जळगावला यायचं तर वाटेत पारोळा लागतं. तिथे चहाला थांबलो. मी मागे जाऊन बघितलं, सायकल दोरीने बांधलेली, चेनकव्हर बाहेरच्या बाजूला. एकावन्न वर्षांपूर्वी हीच सायकल याच गावातून निघाली होती, कोणाची तरी लाज राखायला. चहा पिणाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्या बाबांनी चेनकव्हरवरचं नाव वाचलं आणि मला विचारलं, "कोण लागतात तुमचे?"

"पणजोबा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आप्पांचा राग गेला का, असं कोणी विचारलं तर सांगते, पूर्ण नाही गेला. रोज त्यांच्याच सीटवर बसते, त्यांनीच शिकवलेलं चालवते, आणि चढावर दम लागला की त्यांचीच आठवण येते. पण ते वेशीवर थांबले होते हेही आता माहीत आहे. दोन्ही एकाच सायकलवर आहे. माझ्या बाबतीत मात्र मी घरात सांगून टाकलंय, माझ्या लग्नात कोणी काही मागितलं तर मी स्वतःच वेशीवरून परत फिरेन. मम्मी म्हणाली, "आधी केटी सोडव." तेही बरोबर आहे.

तर मैत्रिणींनो, हे त्या नावाचं पूर्ण उत्तर. सायकल हवी असेल तर खुशाल न्या, किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असते. ब्रेक जरा उशिरा लागतो, आधीच दाबा. आणि चिखल उडाला तर चेनकव्हर ओल्या सुती फडक्याने हलक्या हाताने पुसा. रॉकेल नको, थिनर तर मुळीच नको.